दोन बोटं आखूड

४ मार्च

धाकटीस,

आशीर्वाद आहेत, पण मोजकेच.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने ते माझ्या हातात ठेवायच्या आधीच समोरचा न्हावी दारातून म्हणाला, "ताई, बहिणीचं पत्र आलंय वाटतं." पाकीट बंद होतं. त्याने वासावरून ओळखलं की काय, देव जाणे. तू जे विचारलंस त्याचं अर्धं उत्तर इथेच मिळालं असं समज.

नऊ वर्षं तुला ताई आठवली नाही. आता एकदम लिहितेस, नोकरीतून मोकळी झाले, शहराचा वीट आला, गावात येऊन राहावं असं मनात आहे, तर लहान गावात राहण्याचे फायदे-तोटे कळव. जी मुलगी याच रस्त्यावरून दप्तर घेऊन शाळेत गेली आणि आपल्या याच शिलाईच्या दुकानाच्या फळीवर बसून बटणं लावायला शिकली, तिला फायदे-तोटे माहीत नाहीत यावर मी विश्वास ठेवायचा? पाणी कुठेतरी मुरतंय. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय नव्हती. तू उलट भांडं आपटणारी.

तरी विचारलंसच तर लिहिते. बँक एकच आहे, तिथे रांगेत उभं राहिलं की मागचा माणूस तुमची प्रकृती विचारतो आणि पुढचा उत्तर देतो. फ्रीज दुरुस्त करणारा एकच आहे आणि तो रुसलेला असतो. मोठा दवाखाना बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. नवीन कपडा घेतला की तो अंगावर यायच्या आधी त्याचा भाव गावाला पाठ होतो. फोनवर मी घरगुती काही बोलत नाही, कारण मी इकडे "हो ना" म्हटलं की तिकडे न्हावी मान डोलावतो. म्हणूनच हे पत्र.

हे तोटे. फायदा म्हणशील तर एक सांगते. मागच्या थंडीत घड्याळवाल्या आजोबांनी सकाळी दुकान उघडलं नाही. लोकांचा पहिला चहा व्हायच्या आत तिघेजण त्यांच्या दारात हजर. आजोबा बाथरूममध्ये घसरून पडले होते, उठता येत नव्हतं. तुझ्या शहरात शेजाऱ्यांना वास आल्यावर कळलं असतं. आजोबा आता बरे आहेत, काठी घेऊन येतात, आणि दार का फोडलंत म्हणून त्या तिघांशी अजून भांडतात.

अक्षर मोठं वाटेल. पेन नवीन आहे.

तुझी ताई


२१ मार्च

धाकटीस,

तुझं उत्तर इतक्या लवकर? पूर्वी साधा निरोप द्यायला तुला महिना लागायचा. आणि "दुकान कसं चाललंय, काम झेपतं का" हे तू दोनदा विचारलंस. एकदा वर आणि एकदा खाली, जणू पहिलं मी वाचणार नाही.

दुकान उत्तम चाललंय. तेच तर मला खटकतंय.

हेडबाई तुला आठवत असतील, शाळेतून निवृत्त झाल्या तरी अजून हेडबाईच. त्यांनी उभ्या आयुष्यात माझा एक कपडा तक्रारीशिवाय नेला नाही. गळा मोठा, नाहीतर लहान, काहीच नाही तर इस्त्रीची घडी चुकली. हल्ली येतात, पिशवीत कपडा घालतात, म्हणतात, "छान झालाय हो." घालून बघा म्हटलं तर, "घरी बघते, घाई आहे." हेडबाईंना कसली घाई? त्यांच्या घरी मांजरसुद्धा नाही.

आणि त्या एकट्या नाहीत. आरशासमोरचा तो पडदा आठवतो ना, ज्याच्या मागे उभं राहून अख्ख्या गावाने पोट आत ओढलंय? वर्षभरात तो कुणी सरकवला नसेल. जो येतो तो घरी जाऊन बघतो. कंपाउंडर, घड्याळवाले आजोबा, बँकेतला कॅशियर, सगळ्यांचं एकच, "झकास झालंय ताई." माणसं अचानक गोड बोलायला लागली की मी आधी दाराची कडी तपासते.

बाजारही बिघडलाय. सुया बनवणारे हल्ली नेढं इतकं बारीक ठेवतात की त्यातून उजेड जात नाही, दोरा कुठून जाणार? काळ्या कापडावर पांढरा खडू उमटत नाही, खडूत भेसळ असणार. दुकानातला दिवा मी दोनदा बदलला. दोन्ही पिवळे निघाले. विजेच्या दुकानदाराला झापलं तर तो खाली बघून म्हणाला, "तिसरा देतो ताई, बदलून." वादसुद्धा घातला नाही! तो माणूस सूर्याशी वाद घालेल असा, आणि माझ्याशी गप्प?

आता मुद्द्याचं. परवा कॅशियर आला, बोलता बोलता त्याने हात फळीवर टेकला, आणि माझा अंगठा त्याच्या कफाच्या आतल्या बाजूला लागला. शर्ट मी शिवलेला. पण टाका माझा नव्हता. माझा हातटाका तिरपा असतो, तुझाही, दोघींना आईनेच शिकवला. हा सरळ होता, आखूड, एकेक टाका रांगेत उभा केलेला. असा टाका या गावात एकच माणूस घालतो, स्टँडवरचा मास्तर.

तू गेल्यानंतर तो आला. नवीन काही शिवत नाही, नुसतं उसवायचं, आखूड करायचं, चेन बदलायची. मी त्याच्याशी बोलत नाही. तो माझ्याशी बोलत नाही. इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं. आता माझ्या शिलाईत त्याचा हात कसा? गिऱ्हाईक पळवायचं तर सरळ पळवावं. माझ्याकडे शिवून घेतात आणि त्याच्याकडे उसवतात, याचा अर्थ काय? मागे काहीतरी शिजतंय. मी शोधून काढणार आहे.

तू येण्याचं इतक्यात ठरवू नकोस.

ताई


१२ एप्रिल

धाकटीस,

आधी तुझा समाचार घेते. तुझ्या पत्राच्या शेवटी लिहिलं आहेस, "डोळ्यांना जप." मी तुला डोळ्यांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. दोन्ही पत्रं मनात परत वाचली. पेनाचं लिहिलं, सुयांचं लिहिलं, दिव्याचं लिहिलं. डोळे हा शब्द कुठे नाही. मग तुला कुणी सांगितलं? इथून तुझ्याकडे कोण पत्रं पाठवतंय? ते आधी कळव.

आता इकडचं ऐक. मी सापळा लावला.

कॅशियरचा शर्ट शिवायला होता. आपल्या दुकानाची रीत तुला माहीत आहे, माणसाचं माप एकदाच घ्यायचं, त्याचा कागदी बेत कापून खिळ्यावर टांगायचा, आणि पुढे जन्मभर त्यावरून बेतायचं. त्याच्या बेतावरून सगळं नीट कापलं, पण डावी बाही बोटांनी मोजून दोन बोटं आखूड केली. आतली दुमड भरपूर ठेवली, म्हणजे कुणाला सोडायची झाली तर सोडता यावी. मग तो न्यायला आला तेव्हा म्हटलं, आज घालूनच दाखव, नाहीतर शर्ट मिळायचा नाही. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. पडद्यामागे गेला. बराच वेळ लागला त्याला. बाहेर आला तो डावा हात पाठीमागे धरून.

"हात पुढे घे," मी म्हटलं.

घेतला. मनगटाचं हाड उघडं. एवढं ढळढळीत की आंधळ्यालाही दिसावं.

"कसा बसलाय?"

"झकास बसलाय, ताई."

एवढ्यात न्हावी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून दारात आला. म्हणाला, "वा, साहेब दिसतोस." साबणवालाही समोरून खुर्चीतूनच म्हणाला, "झकास." तिघांपैकी कुणाचाही आवाज अडखळला नाही. आणि सोमवारी तोच शर्ट घालून कॅशियर बँकेत बसलेला. मी स्लिप द्यायच्या निमित्ताने त्याची बाही चिमटीत धरून बघितली. मनगटाबरोबर. आत टाका सरळ, रांगेतला.

म्हणजे अख्खं गाव कटात आहे. माझ्या तोंडावर एक आणि पाठीमागे दुसरं. नेहमीच्या चुगल्या असत्या तर समजलं असतं, त्या दोन दिवसांत फिरून आपल्याकडे येतात. पण यांनी हे गुपित दाबून धरलंय, आणि या गावात गुपित दाबून धरणं किती कठीण आहे हे तुला मी सांगायला नको. मी यांचं काय वाकडं केलंय? रात्री पडल्या पडल्या एकेकाचा चेहरा आठवते. कुणावर विश्वास ठेवू? उद्या स्टँडवर जाणार आहे.

ताई


१४ एप्रिल

धाकटीस,

गेले होते.

मास्तर काज करत बसले होते. त्यांच्या मागच्या दांडीवर माझे कपडे. हेडबाईंचा करडा कोट, कंपाउंडरची पँट, घड्याळवाल्या आजोबांचं जाकीट. हात लावला की आपलं काम कळतंच. सगळे उसवलेले, टाचण्या लावलेले.

"हे काय आहे?"

"बसा ताई."

"मी बसायला आले नाही."

"बसा तरी. उभ्याने ऐकायचं नाही ते."

बसले. मास्तर सुई खाली ठेवून बोलले. दोन वर्षं होत आली. पहिल्यांदा कंपाउंडर आला, पँटचा एक पाय लांब, म्हणाला दुरुस्त करा पण ताईंना बोलू नका. मग हेडबाई आल्या, कोटाची पाठ वाकडी, त्याही म्हणाल्या, ताईंना बोलू नका. मग रोजच कुणी ना कुणी. "आता काही बोलतही नाहीत," मास्तर म्हणाले, "पिशवी ठेवतात आणि जातात."

"तुम्हाला हसायला बरं झालं."

"हसायला वेळ कुठे आहे, ताई? तुमची शिलाई उसवता उसवता जीव जातो. पक्की घालता."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मी कसा सांगणार? एकाच धंद्यातला माणूस. तुम्ही म्हणाला असता, गिऱ्हाईक पळवायला बोलतोय."

म्हणाले असतेच. दुसरं काय म्हणाले असते?

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना वाटतं, दुकान गेलं तर ताई करणार काय." मग सुई परत उचलून, "हेडबाईंनी धाकट्या ताईंना कळवलंय म्हणे. तुम्ही डोळे दाखवून घ्या."

तर असं आहे. फायदे-तोटे म्हणे! तू हेडबाईंचं पत्र वाचून मला पत्र लिहिलंस. शहराचा वीटबीट काही आला नाही तुला. सगळ्यांना सगळं माहीत, तुला तिथे बसून माहीत, फक्त जिच्याबद्दल आहे तिला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणून तू घाईघाईने उत्तरं देत होतीस.

मला आधी राग आला. स्टँडपासून दुकानापर्यंत येताना ज्याने नमस्कार केला त्याच्याकडे बघितलं नाही. दुकानात येऊन शटर ओढलं आणि मग लाज वाटली, इतकी की कात्री हातात घेववेना. दोन वर्षं हे लोक वाकडे कपडे घालून माझ्यासमोर उभे राहिले आणि मी त्यांना म्हणत होते, बघा, असा बसतो माझा कट. मी स्वतःच्या कौतुकाने फुगत होते, धाकटे. मग रडले. न्हाव्याने रेडिओ मोठा केला. त्याला ऐकू आलं असणार.

डावा डोळा धुरकट झालाय. उजवाही फार बरा नाही. कधीपासून ते विचारू नकोस, मला सांगायचं नाही.

आणि हे चांगुलपण आहे असं म्हणून मी त्यांचे आभार मानावेत, हेही मला जमत नाहीये. आजोबा पडले तर यांनी दार फोडलं. मी पडत होते तर दार लोटून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, मान्य. पण मूठ माझी होती, मला तरी उघडून दाखवायची. उद्या माझ्या पोटात काही निघालं तरी हे लोक म्हणतील, झकास दिसताय ताई. आता कुणी खरोखर "छान झालंय" म्हटलं तरी मी काय समजू? दुकान चालू ठेवू की बंद करू, हे ठरवायला मला एक तरी खरं बोलणारं माणूस हवं, आणि अख्ख्या गावात ते नाही.

तू तरी खरं बोलशील का, मला खात्री नाही. पूर्वीची तू बोलली असतीस. भर दुकानात गिऱ्हाइकासमोर "ताई, कॉलर वाकडी आहे" म्हणणारी तू. कॉलर सरळ होती. तेव्हा माझे डोळे शाबूत होते आणि मी आजही तेच म्हणते. पण गेल्या महिन्यात तूही त्यांच्यासारखंच गोड गोड लिहिलंस. तुलाही यांनी पढवलं असेल.

ताई


१० मे

धाकटीस,

सोबत कोट पाठवते आहे. काळ्या लोकरी कापडाचा, अस्तर लावलेला. तुझा कागदी बेत अजून खिळ्यावर होता, कडा थोड्या खाल्ल्या गेल्यात. नऊ वर्षांत तू पोटात सुटली असशील तर तो दोष माझा नाही.

घालून बघ आणि कसा बसला ते कळव. बाकी काही लिहू नकोस.

ताई


२ जून

धाकटीस,

तुझं पत्र आलं. पाकीट फोडायच्या आधी शटर अर्धं ओढलं. तू "झकास बसलाय" लिहिलं असतंस तर हे आपलं शेवटचं पत्र झालं असतं, आणि ते कशामुळे, हे मी तुला कधी सांगितलंही नसतं.

वाचायला वेळ लागला. भिंग घेऊन बसले, एकेक ओळ. न्हावी आला, म्हणाला, वाचून दाखवू? त्याला हाकललं.

तू लिहितेस, "ताई, डावी बाही दोन बोटं आखूड आहे."

आहे. मी मुद्दाम केली होती. तू खरं बोलतेस का, तेवढंच मला बघायचं होतं. ती ओळ वाचून मी खुर्चीत मागे टेकले आणि जोरात हसले. जिंकले असं वाटलं. म्हटलं, आहे, एक तरी माणूस आहे.

मग भिंग पुढे सरकवलं. तू लिहितेस, "पण बाहीचं सोड, ताई. पाठीची मधली शिवण वाकडीतिकडी गेली आहे. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. मागचा घेर एका बाजूला लोंबतो. काजं एका रेषेत नाहीत. ताई, तू हे बघितलं नाहीस का?"

नाही बघितलं.

बाकीचा कोट मी मन लावून शिवला होता. माझ्या मते तो माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला कोट होता. पॅक करायच्या आधी मी त्यावरून हात फिरवला, आणि मला वाटलं, बाही सोडली तर बोट ठेवायला जागा नाही.

आता मला कळलं मी कुठे आहे. कळल्यावर वाईट वाटलं, पण पाय जमिनीला लागले. दोन वर्षं ते लागले नव्हते. तू एक शब्द गोड करून लिहिला नाहीस, "होईल सावकाश बरं" की "वयोमानाने होतं" असं काही नाही. पत्राला मी भिंगासकट कपाळ टेकवलं, हे कुणाला सांगू नकोस.

आजपासून कात्रीला हात लावणार नाही. दुकान बंदही करणार नाही. मास्तरांकडे सकाळी जाऊन आले, म्हटलं डोळ्यांचं काय ते होईपर्यंत बेत माझे, कापणी तुमची, चालेल का. ते म्हणाले, "उसवण्यापेक्षा केव्हाही बरं." त्यांचा टाका मला अजूनही आवडत नाही, तसं मी त्यांना सांगितलं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तू माझ्याबरोबर चल. इथून कुणाला सोबत नेलं तर मी घरी पोचायच्या आत माझा रिपोर्ट बँकेच्या रांगेत वाचला जाईल. आणि डॉक्टर जे म्हणेल ते मला जसंच्या तसं सांगणारं माणूस शेजारी हवं. बरं होणार असेल तर बरं होणार म्हणून, आणि नसेल तर नाही म्हणून.

तेव्हा ये. शहराचा वीट आला नसला तरी ये. फायदे-तोटे आपण इथे बसून मोजू, भांडायलाही तेवढंच निमित्त.

येताना तो कोट घालून ये. जून आहे, उकडेल, तरी घाल. रिक्षा करू नकोस. स्टँडवर उतरलीस की मुख्य रस्त्याने चालत ये, बँकेवरून, शाळेवरून, न्हाव्याच्या दारावरून, सावकाश. सगळ्यांना पाठ दिसू दे. कुणी म्हणालं की झकास बसलाय, तर तिथेच थांब आणि त्याला मोठ्याने सांग की नाही बसलेला, माझ्या ताईला दिसत नाही.

मी दुकानाच्या दारात उभी असेन. मलाही ऐकू आलं पाहिजे.

तुझी ताई